गाडीचा फोटो, लेयरचे हुनर आणि आमचे कारागीर

मोटारीचे डेंटिंग-पेंटिंग, सीटकव्हर, रेडियम आणि सजावटीचे काम आपल्या असंख्य बांधवांच्या रोजीचे साधन आहे. मुंबईत कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर जा, पुण्यात नाना पेठेत जा किंवा कोणत्याही तालुक्याच्या गावी स्टँडमागच्या गॅरेजच्या ओळीत जा, स्प्रे गन हातात धरलेला आपला माणूस तेथे दिसतोच. या धंद्यात हाताची कमतरता कधीच नव्हती. कमतरता आहे ती काम हाती घेण्यापूर्वी गिऱ्हाइकाला नेमके काय मिळणार हे दाखविण्याची, आणि आजचा आमचा मजकूर त्याच विषयावर आहे.

पूर्वी हा प्रश्न फारसा येत नसे. अँबॅसडर आणि फियाटच्या जमान्यात रंगच मोजके होते. मुंबईच्या टॅक्सीवाल्याला तर निवड करण्याचे कारणच नव्हते. काळा आणि पिवळा ठरलेला. ती पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. आता गिऱ्हाईक येते ते मोबाइलमध्ये दहा फोटो घेऊन. याच्यासारखा निळा, त्याच्यासारखे छत काळे, बाजूने दोन पट्टे, चाके चंदेरी नकोत, गडद करडी हवीत. उस्ताद मान डोलावतो, आगाऊ रक्कम घेतो, आठ-दहा दिवस राबतो, आणि गाडी बाहेर आली की गिऱ्हाईक म्हणते, "मी सांगितले होते ते हे नाही." मग पैसे अडतात, पट्टे खरवडावे लागतात, कधी पूर्ण दरवाजा पुन्हा मारावा लागतो. यात खोटे कोणीच बोललेले नसते. एकाच्या डोक्यात एक निळा असतो, दुसऱ्याच्या डोक्यात दुसरा. आमच्या मते आपल्या गॅरेजवाल्यांचे जितके नुकसान माल महागल्याने होत नाही, तितके या न बोलता राहिलेल्या फरकाने होते.

यावर उपाय आहे, आणि तो आता स्वस्तही आहे. गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या गाडीचा फोटो काढावा, तो संगणकावर घ्यावा आणि त्यावर रंग, पट्टे, चाके बदलून आधीच दाखवावे. हे करण्याचे जे खरे साधन आहे त्याला फोटो दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'लेयर' म्हणतात. लेयर म्हणजे थर. आमचा आग्रह असा की हे हुनर गॅरेजच्या कारागिराने स्वतः शिकावे. ते बाहेरच्या संगणकवाल्यावर सोडू नये.

प्रथम लेयर म्हणजे काय ते पाहू. जरदोजीचे काम करणारे बंधू कापडावर थेट सुई मारीत नाहीत. आधी पातळ कागदावर खाका तयार करतात. स्क्रीन प्रिंटिंगवाले प्रत्येक रंगाची जाळी वेगळी बनवितात. लेयर याच जातीची चीज आहे. मूळ फोटो तळाशी राहतो. त्याच्यावर एक पारदर्शक काच ठेवली असे समजा. त्या काचेवर रंग. त्यावर दुसरी काच, तिच्यावर पट्टे. तिसरीवर चाके. वरून पाहणाऱ्याला सर्व मिळून एकच गाडी दिसते. पण पट्टे नको झाले तर तेवढी काच काढून घ्यायची. रंगाला, चाकांना धक्का लागत नाही आणि तळाचा फोटो तर जसा काढला तसाच राहतो.

ही सोय सुरुवातीपासून नव्हती. थॉमस नोल आणि जॉन नोल या अमेरिकन भावांनी तयार केलेले फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले. त्यात लेयर नव्हते. एखादे चित्र फोटोवर चिकटवले आणि सोडले की ते फोटोत मिसळून जाई. मागे फिरण्याची मुभा एकाच पावलाची. लेयर आले ते १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीबरोबर. भिंतीवर थेट रंगविणारा आणि खाका काढून मग रंगविणारा यांच्यात जो फरक, तोच या दोन आवृत्त्यांत होता.

आता कोणी म्हणेल, हे काम संगणकाच्या क्लासमध्ये शिकलेल्या पोराकडून करून घेऊ. आपण गन धरणारी माणसे. आम्हाला हे पटत नाही. गाडी रंगविणारा माणूस जन्मभर थरांचेच काम करीत आलेला आहे. पत्रा ठोकून झाला की पुट्टी, मग प्रायमर, सरफेसर, वॉटर पेपर, बेस कोट आणि शेवटी क्लिअर. कोणता थर कशावर बसतो, खालचा वरच्यातून कसा डोकावतो, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकविलेले नाही. मास्किंग टेप लावून, रद्दी चिकटवून काचा आणि दिवे झाकण्याचे जे काम तो रोज करतो, त्यालाच सॉफ्टवेअरमध्ये 'मास्क' म्हणतात. नावही तेच आहे. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की प्रकाश बॉनेटवर कसा पडतो, दरवाज्याच्या घडीपाशी रंग कुठे गडद होतो, हे त्याच्या डोळ्याला ठाऊक असते. क्लासमधल्या पोराला बटणे माहीत असतात, पण त्याने रंगविलेली गाडी प्लास्टिकच्या खेळण्यासारखी दिसते. बटणे महिन्या-दोन महिन्यांत शिकता येतात. डोळ्याला वीस वर्षे लागतात.

काम कसे होते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण निम्मे लोक येथेच चुकतात. पहिली चूक फोटोची. भर दुपारच्या उन्हात काढलेला फोटो बहुधा निकामी. बॉनेटवर पांढरा डाग पडतो आणि तेथे रंग बसत नाही. सकाळी लवकर, संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी फोटो घ्यावा. गाडीच्या जवळ उभे राहून मोबाइलने काढलेल्या फोटोत पुढचे चाक भोपळ्याएवढे आणि मागचे लिंबाएवढे येते. म्हणून दहा-बारा पावले मागे जावे, थोडा झूम करावा आणि मोबाइल दरवाज्याच्या मध्याइतक्या उंचीवर धरावा. गाडी आधी धुवावी. आणि दरवाज्यात आपलेच प्रतिबिंब येत नाही ना, हे पाहावे.

फोटो संगणकावर आला की तळाचा लेयर कुलूपबंद करावा. त्याला हात लावायचाच नाही. नंतर पेन टूलने गाडीच्या पत्र्याची कड आखून घ्यावी. काचा, दिवे, टायर, जाळी, नंबर प्लेट बाहेर. बंपर त्याच रंगाचा असेल तर आत. हे काम कंटाळवाणे आहे, पहिल्यांदा दोन-तीन तास जातात, आणि येथे घाई करणाऱ्याचे पुढचे सर्व काम फुकट जाते. जो टेप लावताना आळस करतो त्याच्या काचेवर रंगाचे शिंतोडे येतात, तोच न्याय. आखलेल्या भागाचा मास्क बनवावा. मास्कमध्ये पांढरे म्हणजे रंग दिसेल, काळे म्हणजे झाकले जाईल, करडे म्हणजे अर्धवट. चुकून आरसा रंगला तर रबराने खोडायचे नाही. मास्कवर काळा ब्रश फिरवायचा, आरसा पुन्हा मोकळा होतो.

आता रंग. नवशिका सरळ निळा रंग ओतून मोकळा होतो आणि गाडीचे सर्व उठाव गडप होतात. लेयर खालच्या लेयरशी कसा मिसळावा याच्या रीती ठरलेल्या आहेत. चंदेरी किंवा करड्या गाडीवर 'कलर' ही रीत उत्तम चालते, कारण ती फक्त रंग बदलते आणि खालचा उजेड-अंधार तसाच ठेवते. पण आपल्याकडे पांढऱ्या गाड्यांचा सुकाळ आहे, आणि पांढऱ्यावर ही रीत चालत नाही. निखळ पांढरे पांढरेच राहते. तेथे 'मल्टिप्लाय' वापरावी. तिच्यात पांढऱ्याच्या जागी आपला रंग येतो आणि सावल्या तशाच उतरतात. काळी गाडी सर्वांत अवघड. तिच्या फोटोत पत्र्याचा रंग जवळजवळ नसतोच. असते ते फक्त आकाशाचे, झाडांचे आणि भिंतीचे प्रतिबिंब. 'स्क्रीन' या रीतीने काळ्यावर रंग चढतो खरा, पण तो सपाट दिसतो. मग उठावाच्या कडा वेगळ्या लेयरवर हाताने उजळून काढाव्या लागतात. काळ्या गाडीचे चित्र मागणाऱ्या गिऱ्हाइकाला एक दिवस जास्त मागून घ्यावा, हे आमचे मत.

रेडियमवाल्या बंधूंना यातले बरेच सोपे जाईल, कारण कोरल ड्रॉ त्यांच्या हातात बसलेले असते. पट्ट्याचे किंवा नक्षीचे डिझाइन कोरलमध्येच करावे, कारण प्लॉटरला तेच द्यायचे आहे. आणि त्याची प्रत फोटोवर वेगळ्या लेयरमध्ये आणावी. ती दरवाज्याच्या वळणाप्रमाणे वाकवावी आणि 'मल्टिप्लाय'वर ठेवावी म्हणजे पत्र्याची सावली पट्ट्यावरही पडते. गाडीच्या दोन चाकांच्या मध्यांतले अंतर टेपने मोजून फोटोच्या मापाशी जुळवून घेतले की फोटोत सहा बोटे दिसणारा पट्टा कापताना किती इंचांचा घ्यायचा याचा हिशेब बसतो. मूळ फाइल लेयरसकट जपावी. गिऱ्हाइकाला मोबाइलवर पाठवायची ती जेपेग प्रत वेगळी, तिच्यात थर उरत नाहीत. प्रत्येक लेयरला नाव द्यावे. 'लेयर १७ कॉपी २' अशा नावांच्या ढिगात उद्या स्वतःलाच रस्ता सापडत नाही.

येथे काही वाचक हसतील. आज मोबाइलवर नुसते सांगितले की यंत्रच गाडीचा रंग बदलून देते. फोटोशॉपमध्येही २०२३ पासून शब्दांवरून चित्र भरण्याची सोय आली. मग हा खटाटोप कशाला? आम्ही या सोयीच्या विरोधात नाही. गिऱ्हाइकाशी पहिली बोलणी करताना, चार रंगांची कल्पना देताना ती उपयोगी आहे. पण असे यंत्र पुष्कळदा गाडीच नव्याने चितारते. हँडल बदलते, जाळीच्या आडव्या पट्ट्या पाचाच्या सात होतात, चाकाच्या आऱ्या भलत्याच येतात. चित्र देखणे असते, पण ती गाडी गिऱ्हाइकाची नसते, आणि त्यातले अर्धे आपल्याला गॅरेजमध्ये करून देता येत नाही. लेयरच्या खाली मात्र त्याच माणसाची, त्याच नंबरची गाडी असते. आपण काय बदलले आणि काय बदलले नाही, हे एकेक थर उघडून-झाकून त्याच्यासमोर दाखवता येते. ज्या चित्रावर पैशांचा व्यवहार ठरणार ते असेच असले पाहिजे.

तरीही पडदा म्हणजे पत्रा नव्हे. पडदा स्वतः उजेड फेकतो, रंग अंगावर पडलेला उजेड परत देतो. मेटॅलिक आणि पर्ल रंग तर उभे राहण्याची जागा बदलली की बदलतात. म्हणून चित्रावर फक्त मांडणी ठरवावी: कुठे कोणता रंग, पट्टा किती रुंद, छत काळे की नाही. रंगाची छटा ठरवावी ती शेड कार्डावरून, आणि मोठे काम असेल तर पत्र्याच्या तुकड्यावर क्लिअरसकट मारून उन्हात दाखवावी. मग चित्राच्या दोन छापील प्रती काढाव्यात, त्यावर रंगाचा कोड, पट्ट्याचे माप, रक्कम आणि तारीख लिहावी आणि दोघांनी सही करावी. एक प्रत त्याची, एक आपली. उधार-उसनवार लिहून ठेवा ही ताकीद आपल्याला नवी नाही. रंगाच्या बाबतीतच आपण तोंडी का राहतो हे आम्हाला कळत नाही.

चित्रात काय दाखवू नये हेही कारागिराला माहीत असले पाहिजे, कारण दाखविले की गिऱ्हाईक मागणारच. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ बांधणीत उत्पादकाच्या तपशिलापेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. लेयरवर गाडी खाली बसविणे, चाके मडगार्डबाहेर काढणे दोन मिनिटांचे काम आहे. रस्त्यावर ते अंगाशी येते. काचा काळ्याभोर दाखवू नयेत. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे असा नियम आहे, आणि काळ्या फिल्मविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१२चा आहे. लष्कराचा ऑलिव्ह ग्रीन रंग खासगी गाडीला चालत नाही. जीपवाले तरुण तो हमखास मागतात. गाडीचा रंग आरसीत नोंदलेला असतो, तेव्हा पूर्ण रंग बदलायचा असेल तर आरटीओकडून नोंद बदलून घ्यावी लागते हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

सॉफ्टवेअरबद्दल एक कडू गोष्ट. बाजारात फोटोशॉपच्या चोरीच्या प्रती मिळतात आणि आपल्यातले पुष्कळजण त्या सहज वापरतात. परक्याच्या मेहनतीचा माल विनामोबदला वापरून आपल्या मेहनतीचे दाम मागणे आम्हाला शोभत नाही. त्याची गरजही नाही. फोटोशॉप २०१३ पासून भाड्याने मिळते. ज्याचे काम मोठे आहे त्याने ते घ्यावे. बाकीच्यांसाठी 'गिम्प' नावाचे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आणि कायदेशीर आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या बर्कले येथील दोन विद्यार्थ्यांनी ते लिहायला घेतले आणि त्याची तिसरी मोठी आवृत्ती २०२५ मध्ये आली. लेयर, मास्क, मिसळण्याच्या रीती, सर्व त्यात आहे. नावांत थोडा फरक. हिंदीतून शिकविणारे व्हिडिओ यूट्यूबवर भरपूर आहेत. मात्र संगणकाची मेमरी तोकडी असेल तर दहा-पंधरा लेयरनंतर तो दम टाकतो, एवढे लक्षात ठेवावे.

ज्या विषयासाठी आम्ही खरे तर लेखणी हाती घेतली तो आता सांगतो. जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीतही आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत, आणि आजची विक्री फोटोवर चालते. ज्या लेयरने दरवाज्यावर पट्टा दाखविता येतो, त्याच लेयरने दरवाज्यावरचा पोचा नाहीसा करता येतो. गंज पुसता येतो, पिवळी पडलेली हेडलाइट चकचकीत करता येते, घासलेला टायर नवा करता येतो. असे फोटो फिरताना आम्ही पाहतो. काहीजण म्हणतात, गिऱ्हाईक गाडी पाहायला येणारच आहे, फोटो केवळ बोलावण्यापुरता. आम्ही हे मानीत नाही. नाशिकहून किंवा लातूरहून एक माणूस भाडे खर्चून, दिवस मोडून येतो तो त्या फोटोवर विश्वास ठेवून. मालातला ऐब सांगून विकण्याची जी शिकवण आपल्या व्यापाराचा पाया आहे, ती दुकानातल्या ताग्याला लागू आणि मोबाइलवरच्या फोटोला नाही, असे कोणत्या उस्तादाने शिकविले?

रेषा कुठे ओढायची, हे आम्हाला स्पष्ट दिसते. गाडी पुढे कशी होईल हे दाखविणारे चित्र हे हुनर आहे, आणि त्यावर 'नियोजित' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे. त्याचाही एक वेगळा लेयर करून ठेवला की विसर पडत नाही. गाडी आज कशी आहे हे सांगणाऱ्या फोटोला मात्र लेयर लावूच नये. पाठीमागची कचराकुंडी झाकायची असेल तर गाडी दोन हात पुढे घेऊन फोटो काढावा. विक्रीच्या गाडीचा पोचा झाकण्याऐवजी त्याचा जवळून एक वेगळा फोटो टाकून पाहा. खरेदीदार येतो तो पोचा धरून हिशेब करूनच येतो, आणि दारात उभा राहून भाव पाडण्याचे त्याचे निम्मे बळ तेथेच संपते. हे आम्ही मोठेपणा म्हणून सांगत नाही. धंदा म्हणून सांगतो.

शेवटी मजुरीचे. गॅरेजच्या धुळीत संगणक टिकत नाही, आणि गन मारून थकलेल्या माणसाला रात्री कड आखत बसणे जड जाते. पुष्कळ घरांत एमएस-सीआयटी केलेली मुलगी किंवा सून असते. गॅरेजमधून मोबाइलवर फोटो पाठवावा, तिने घरी बसून लेयर तयार करावेत, वडिलांनी प्रकाश आणि छटा तपासून द्यावी. यात दोघांचेही हुनर लागते. फक्त एक विनंती: हे काम घरचे म्हणून फुकट समजू नये. चित्राची रक्कम बिलात वेगळी लिहावी, काम आपल्याकडेच झाले तर गिऱ्हाइकाला ती वळती करून द्यावी, न झाले तर घ्यावी; आणि दोन्ही वेळा ज्या हाताने चित्र काढले त्या हाताला तिचा वाटा मिळावा. फाइल गाडीच्या नंबराने जपून ठेवावी. वर्ष-दोन वर्षांनी तोच माणूस डावा दरवाजा घासून घेऊन येतो, आणि तेव्हा रंगाचा कोड, पट्ट्याचे माप आणि जुना फोटो एका जागी मिळाला की टच-अपचे काम त्याच संध्याकाळी हातावेगळे होते.